नेम धरताना दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं?

नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेत फुगे फोडायच्या दुकानापाशी आम्ही उभे होतो. भाचीच्या हातात छऱ्यांची बंदूक होती. दुकानदार म्हणाले, "एक डोळा मीट की बाळा, नाहीतर नेम कसा लागंल?" तिने डावा डोळा मिटायचा प्रयत्न केला. तो मिटला की उजवाही अर्धा मिटायचा, गाल वर चढायचा, ओठ एका बाजूला ओढला जायचा. चार छर्रे फुकट गेल्यावर तिने बंदूक खाली केली आणि विचारलं, "मामा, दोन्ही उघडे ठेवले तर चालतं का?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. पुढे ती एअर रायफल शिकायला लागली. तिला आणता-नेता मी स्वतःही पिस्तूल हातात घेतलं आणि या एका प्रश्नाच्या मागेच लागलो. रेंजवर चार जणांना विचारलं तर पाच उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, मिटल्याशिवाय नेम साधत नाही. कुणी म्हणतं, मिटतो तो कच्चा. दोघांकडेही आपापल्या बाजूची पदकं असतात.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी दोन फोटो तुमच्याही फोनवर आले असतील. एकात दक्षिण कोरियाची किम ये-जी. तिच्या डोळ्यांवर यंत्रासारखा दिसणारा चष्मा, एका डोळ्यासमोर बारीक छिद्राची तबकडी आणि दुसरा डोळा पट्टीने झाकलेला. दुसऱ्या फोटोत तुर्कस्तानचा एक्कावन्न वर्षांचा युसुफ दिकेच. साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा, एक हात खिशात आणि दोन्ही डोळे सताड उघडे. तिला १० मीटर एअर पिस्तुलात रौप्य मिळालं, त्याला त्याच प्रकारात मिश्र सांघिक रौप्य. (त्या दोन्ही स्पर्धांमधलं कांस्य मनू भाकरच्या वाट्याला आलं, दुसऱ्या वेळी सरबजोत सिंगच्या जोडीने.) म्हणजे पदकांकडे बघून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. तो लावायचा तर डोळा आणि मेंदू काय करतात तिथपर्यंत जावं लागतं.

एवढं फिरून माझं जे मत झालं ते आधीच सांगतो. नेम धरताना बंद करायचं असतं ते दुसरं चित्र. त्यासाठी डोळा मिटायची गरज बहुतेक वेळा नसते, आणि मिटला तर त्याची किंमत मोजावी लागते.

सुतार एक डोळा का मिटतो

फळीची कड सरळ आहे का हे बघताना सुतार ती डोळ्याशी आडवी धरतो आणि दुसरा डोळा मिटतो. त्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. सरळ रेष तपासायची तर बघणाराही त्या रेषेवरच बसायला हवा, आणि एका रेषेवर एकच डोळा बसू शकतो. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा-सव्वासहा सेंटिमीटर अंतर असतं. उजवा डोळा रेषेवर असेल तर डावा तेवढाच बाजूला उभा राहून तेच दृश्य तिरकं बघत असतो.

बंदुकीचंही तसंच. पिस्तुलावर मागे एक चौकोनी खाच असते, पुढे नळीच्या टोकाला एक उभा चौकोनी ठोकळा असतो. त्याला जुने लोक माशी म्हणतात, रेंजवर फोरसाइट म्हणतात. खाच ही मागची साइट, माशी ही पुढची. डोळा, खाच, माशी आणि समोरचं लक्ष्य अशा चार गोष्टी एका ओळीत आणायच्या. ही ओळ एका डोळ्याची. दुसरा डोळा त्याच वेळी त्याच गोष्टी दुसऱ्या जागेवरून बघतो आणि त्याचं चित्रही मेंदूला पाठवतो.

याचा अनुभव घ्यायला बंदूक लागत नाही. गच्चीवर जा आणि पर्वतीवरच्या देवळाकडे बघा. पर्वती दिसत नसेल तर समोरच्या इमारतीवरची टाकीही चालेल. हात लांब करून अंगठा वर करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नजर देवळावरच ठेवा. अंगठे दोन दिसतील, दोन्ही जरा विरळ, काचेतून दिसावेत तसे. आता नजर अंगठ्यावर आणा. अंगठा एकच होईल आणि देवळं दोन होतील. जवळचं आणि लांबचं दोन्ही एकाच वेळी एकेकटं दिसणार नाही, कितीही प्रयत्न केला तरी. नवशिक्याला पिस्तुलावर दोन माश्या किंवा समोर दोन कार्डं, म्हणजे लक्ष्याचे कागद, दिसतात ते याचमुळे. त्याच्या डोळ्यात दोष नसतो. धडधाकट डोळ्यांच्या जोडीचं हे नेहमीचं वागणं आहे, पण आपण एरवी लक्ष देत नाही.

आता दुसरा प्रयोग, मुलांना फार आवडतो. वर्तमानपत्राचं पान गुंडाळून नळी करा आणि उजव्या डोळ्याला लावा. डावा तळहात नळीच्या मध्यावर बाजूने टेकवून डाव्या डोळ्यासमोर धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांब बघा. तळहाताला आरपार गोल भोक पडलेलं दिसेल. एका डोळ्याने दिलेलं लांबचं दृश्य आणि दुसऱ्याने दिलेला तळहात मेंदूने एकावर एक चिकटवले.

दोन्ही डोळ्यांची चित्रं जवळजवळ सारखी असली की मेंदू त्यांचं एक चित्र करतो आणि त्यातल्या बारीक फरकांवरून अंतर ओळखतो. चित्रं जुळतच नसली तर त्यांच्यात चढाओढ लागते. थोडा वेळ एक वर, थोडा वेळ दुसरं. ही पाळी काही सेकंदांत बदलत राहते आणि नुसत्या इच्छेने ती पूर्ण थांबवता येत नाही. नेमबाजाची खरी अडचण इथे आहे. माशी नीट बसली, श्वास थांबला, बोट ट्रिगरवर हळूहळू दाबतंय आणि तेवढ्यात पाळी बदलली तर जी माशी दिसते ती भलत्याच डोळ्याची.

म्हणून जत्रेतले ते दुकानदार चुकीचं सांगत नव्हते. एक डोळा मिटला की चढाओढ संपते, चित्र एकच उरतं. अगदी पहिल्या दिवशी, चार छऱ्यांपुरतं, हा सगळ्यात झटपट उपाय आहे.

मिटल्याची किंमत

एक डोळा मिटायचा म्हणजे पापणीभोवतीचा गोल स्नायू आवळून धरायचा. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचे हे स्नायू बहुतेकांना पूर्ण सुटे सुटे चालवता येत नाहीत. एक आवळला की दुसराही थोडा आवळतो, आणि नेमका तो नेमाचा डोळा असतो. त्याची फट अरुंद होते, पापण्यांचे केस मध्ये येतात, पापणी थरथरते. फुग्यांच्या दुकानात हे खपून जातं. पण १० मीटर एअर रायफल किंवा पिस्तुलाच्या प्राथमिक फेरीत साठ शॉट असतात आणि वेळ पंचाहत्तर मिनिटं, सरावाचे शॉट वेगळे. प्रत्येक शॉटला काही सेकंद डोळा आवळून धरायचा, त्यात मन न मानल्यामुळे बंदूक खाली घेतलेले प्रयत्नही मोजायचे. चाळिसाव्या शॉटला गाल, कपाळ, जबडा सगळं ताठलेलं असतं. रायफलवाल्यांचा तर गालच दस्त्यावर टेकलेला असतो. तिथला ताण बदलला की डोक्याची जागा बदलते आणि डोळा साइटमागून सरकतो.

दुसरी किंमत बाहुलीची. एक डोळा हाताने झाकला की दुसऱ्याची बाहुलीही थोडी मोठी होते, कारण दोन्ही बाहुल्या दोन्ही डोळ्यांत मिळून किती उजेड येतोय त्यावर चालतात. आरशासमोर चांगल्या उजेडात उभं राहून डावा डोळा तळव्याने झाका आणि उजव्या बाहुलीकडे बघत राहा, फरक दिसेल. बाहुली मोठी झाली की जवळचं-लांबचं एकत्र स्पष्ट दिसायची मर्यादा आकसते. कॅमेरा वापरणाऱ्यांना हे लगेच कळेल. भिंग जितकं उघडाल तितकी मागची पार्श्वभूमी पुसट होते. नेमबाजाला हे नको असतं.

हे का नको असतं ते समजायला एक छोटा हिशेब मांडू. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. खाच हाताच्या अंतरावर, माशी तिच्यापुढे वीतभर-दीड वीत आणि कार्ड १० मीटरवर. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही. मग स्पष्ट काय ठेवायचं? सगळ्या नवशिक्यांना वाटतं, कार्ड. आणि तिथेच चूक होते.

समजा तुमचा हात हलला, पण खाच आणि माशी एकमेकांशी बरोबर जुळलेली राहिली. संपूर्ण पिस्तूल एक मिलिमीटर बाजूला सरकलं तर छर्राही एक मिलिमीटरच बाजूला लागेल. आता उलटं बघा. हात स्थिर आहे, पण माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली. पिस्तुलाच्या दोन्ही साइटमध्ये साधारण तेहेतीस सेंटिमीटर अंतर धरलं तर १० मीटरवर ही चूक जवळपास तीस पट होते, म्हणजे तीन सेंटिमीटर. १० मीटर पिस्तुलाच्या कार्डावर दहाचं वलय ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वलय आठ मिलिमीटर रुंद. तीन सेंटिमीटर म्हणजे दहावरून थेट सातवर. म्हणून प्रशिक्षक घसा कोरडा पडेपर्यंत सांगत असतात, "फोरसाइट बघ, कार्ड पुसट दिसू दे." काळा गोळा धूसर दिसतोय म्हणून घाबरायचं नाही. तो तसाच दिसायला हवा.

यात एक आडवाट घेतो, कारण चाळिशी ओलांडलेले बरेच जण हा लेख वाचत असतील. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि हाताच्या अंतरावरची माशी पुसट व्हायला लागते. दोन्ही डोळे उघडे ठेवून ती अडचण सुटत नाही. वाचायचा चष्माही कामाचा नाही, तो त्याहून जवळच्या अंतरासाठी असतो. चष्म्याच्या दुकानात जाताना डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून न्या आणि त्या अंतराचा नंबर मागा. मी हे दोन वर्षं उशिरा केलं. तोपर्यंत हात थरथरतो म्हणून स्वतःलाच बोल लावत होतो.

मिटू नका, झाका

तर दोन चित्रांची चढाओढ नको आणि स्नायूंचा ताणही नको. दोन्ही साधायचं तर डोळा उघडाच ठेवायचा आणि त्याच्यासमोर काहीतरी धरायचं. रेंजवर याला ब्लाइंडर म्हणतात. पिस्तुलवाले तो टोपीला, डोक्याच्या पट्ट्याला किंवा चष्म्याला लावतात. रायफलवाले बहुधा मागच्या साइटलाच आडवी पट्टी जोडतात. आंतरराष्ट्रीय नियमांत याची मापं ठरलेली आहेत. डोळ्यासमोरची पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. रायफलच्या साइटवरची ३० मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि साइटच्या छिद्राच्या मध्यापासून १०० मिलिमीटरपलीकडे जाता कामा नये. घरी प्लॅस्टिक कापून बनवणार असाल तर स्पर्धेआधी पट्टी घेऊन मोजा.

ब्लाइंडर काळा घ्यायचा की पांढरा, यावरही रेंजवर वाद ऐकू येतो. मी पांढऱ्याच्या, खरं तर दुधी अर्धपारदर्शक पट्टीच्या बाजूने आहे, आणि कारण वर येऊन गेलं. काळ्या पट्टीमागे त्या डोळ्यात अंधार होतो आणि दुसऱ्याही बाहुलीला मोठं व्हावंसं वाटतं. दुधी पट्टीतून उजेड आत येतो, पण आकार येत नाही. मेंदूला त्या बाजूने नुसता पांढुरका पडदा मिळतो. पडद्यावर काही रेघ नाही, कड नाही, हालचाल नाही. चढाओढीला मालच नाही म्हटल्यावर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लवकर शिकतो.

रायफलमध्ये झाकण्याची गरज पिस्तुलापेक्षा जास्त भासते. एअर रायफलची मागची साइट म्हणजे डोळ्याच्या अगदी जवळ धरलेलं एक बारीक छिद्र, साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचं. बारीक छिद्रातून बघितलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बरंच स्पष्ट दिसतं. चष्मा विसरल्यावर बोटांच्या फटीतून पाटी वाचतो ना, तेच तत्त्व. किम ये-जीच्या चष्म्यावरची तबकडीही हेच करते. पण छिद्रातून उजेड कमी येतो. म्हणजे नेमाच्या डोळ्याला अंधूक गोल चित्र आणि उघड्या डोळ्याला लख्ख उजेडातली आख्खी रेंज. असा सामना एकतर्फी होतो, म्हणून तिथे पट्टी लागतेच. एअर रायफलचं दहाचं वलय अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, कागदावर पेन टेकवल्याएवढा. तिथे थोडीशीही ढिलाई परवडत नाही.

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात ही शिस्त जवळून बघायला मिळते. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांची नेमबाजी याच रेंजवर झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे इथे सराव करूनच पॅरिसला गेला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेऊन आला. पन्नास मीटरवरचं दहाचं वलय १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे एखाद्या मोठ्या काबुली चण्याएवढं. मुलं शॉटच्या आधी जे काही करतात ते बघत बसलात तर लक्षात येईल की चेहरे सैल असतात, झोप लागायच्या आधी असावेत तसे. कुणाचा चेहरा वाकडा होत नाही.

शिस्त या शब्दावरून आठवलं. जुन्या मराठीत शिस्त म्हणजेच बंदुकीचा नेम. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. फारसीतून आलेला हा शब्द पुढे वागणुकीच्या वळणासाठी वापरला जाऊ लागला आणि मूळ अर्थ मागे पडला. कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला हिंदीतून "शिस्त लेना" शिकवायचे तेव्हा आम्हाला वाटायचं, ताठ झोपायला सांगताहेत. तिथला धडाही "बायीं आँख बंद करो" असाच सुरू व्हायचा. एका दिवसात शंभर मुलांना मोजक्या गोळ्या झाडायला शिकवायच्या असतील तर ती सूचना योग्यच आहे. फक्त तिच्यात एक गृहीत दडलेलं असतं, की प्रत्येकाचा उजवा डोळाच मुख्य आहे.

भाचीचं गेलेलं वर्ष

आपण उजव्या किंवा डाव्या हाताचे असतो तसे डोळ्यांचेही असतो. दोन्ही डोळ्यांची चित्रं भांडायला लागली की मेंदू ज्याची बाजू घेतो त्याला रेंजवर मास्टर आय म्हणतात. साधारण दोन-तृतीयांश लोकांचा उजवा डोळा मुख्य असतो आणि बाकी बहुतेकांचा डावा. काहींचा कल कुठल्याच बाजूला ठाम नसतो. याचा हाताशी पक्का संबंध नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या अनेकांचा डावा डोळा मुख्य असतो. चष्म्याच्या नंबराशीही नाही. जास्त नंबराचा डोळा मुख्य असू शकतो.

माझी भाची अशीच, हात उजवा आणि डोळा डावा. पण हे आम्हाला वर्षभर कळलं नाही. पहिल्यांदा ज्या शिबिरात तिला घातलं तिथे सगळ्या मुलांना सरसकट उजव्या खांद्यावर रायफल आणि डावा डोळा बंद, असं बसवलं होतं. ती डावा डोळा मिटायची, पण नेम घेताना तो आपोआप किलकिला व्हायचा, कारण मेंदूला त्याच्याचकडून बघायचं होतं. गोळ्या कधी दहात, कधी पार बाहेर. "लक्ष नाही हिचं," असं ताईला सांगण्यात आलं. रोज घरी येऊन ती मुलगी रडायची. लक्ष तिचं भरपूर होतं. चाचणी करायला दहा सेकंद लागतात, ती कुणी केली नव्हती. मीही नाही, याची मला अजून टोचणी आहे.

ती चाचणी अशी. दोन्ही हात समोर लांब करा आणि तळवे एकमेकांवर थोडे चढवून अंगठ्यांच्या बेचक्यात रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघा. आता घड्याळावरून नजर न हलवता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. हात आपोआप ज्या डोळ्यावर येऊन टेकतील तो तुमचा मुख्य डोळा. एकदाच करून थांबू नका. पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी, चष्मा लावून आणि काढून करा. लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण काहींचे हात कधी इकडे तर कधी तिकडे येतात.

हात आणि डोळा उलटे निघाले तर काय? रायफल नुकती शिकायला लागलेल्या मुलाने खांदा बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. आठवडाभर सगळं उलटं वाटतं, महिन्याभरात सवय होते. भाचीने तसंच केलं. ज्याची वर्षानुवर्षं एका खांद्यावर गेली आहेत त्याने खांदा तोच ठेवावा आणि मुख्य डोळा झाकावा. पिस्तुलात प्रश्न सौम्य आहे. हात पुढे मोकळा असतो, तो तीन-चार सेंटिमीटर आत आणला आणि मान किंचित वळवली की माशी मुख्य डोळ्यासमोर येते.

सगळ्यात जास्त नुकसान शॉटगनवाल्यांचं, म्हणजे हवेत उडवलेली तबकडी फोडणाऱ्यांचं होतं, आणि ते आकड्यातच बघा. शॉटगनला मागची साइट नसते. नळीच्या टोकाला एक मणी असतो आणि मागच्या साइटचं काम डोळाच करतो. बंदूक उजव्या खांद्यावर आहे, उजवा डोळा नळीमागे आहे, पण मेंदू ऐकतोय डाव्याचं. मणी डोळ्यापासून एक मीटरवर आणि हवेत उडणारी तबकडी तीस मीटरवर धरा. मण्यापुढच्या प्रत्येक मीटरला चूक दोन डोळ्यांतल्या अंतराएवढी, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटरने वाढते. एकोणतीस मीटरांत ती १८० सेंटिमीटरच्या पुढे जाते. तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर. म्हणजे डोळ्याला मणी अगदी तबकडीवर दिसतोय आणि छर्रे जाताहेत माणसाच्या उंचीएवढ्या अंतरावर डावीकडून.

तरीही याच खेळात दोन्ही डोळे उघडे ठेवण्याचा फायदा सर्वात मोठा आहे. तबकडी कुठून निघेल, किती वेगाने आणि कुठल्या कोनात जाईल, हे क्षणात ओळखायचं असतं. एका डोळ्याने साधारण दीडशे-एकशेसाठ अंशांचा पट्टा दिसतो, दोन्हींनी त्याहून बराच रुंद. फिकट, अंधूक गोष्ट ओळखायची क्षमता दोन डोळ्यांनी एकापेक्षा सुमारे १.४ पट असते. आणि हलत्या वस्तूचं अंतर दोन डोळ्यांना जास्त चांगलं कळतं. १० मीटरवरच्या स्थिर कार्डाला यातलं फारसं काही लागत नाही. ते कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं, ते पळूनही जात नाही. त्यामुळे "एक डोळा मिटला की अंतर कळत नाही" हा युक्तिवाद तबकडीला लागू पडतो, कार्डाला नाही. रेंजवरची अर्धी भांडणं होतात ती दोघं दोन वेगळ्या खेळांबद्दल बोलत असतात म्हणून.

पोलीस आणि सैनिकांना जवळच्या अंतरावर दोन्ही डोळे उघडे ठेवायला शिकवतात तेही आजूबाजूचं दिसावं म्हणूनच. त्यांच्याकडच्या लाल ठिपक्याच्या साइटला हे सोपं जातं. ठिपका डोळ्याला लांब असल्यासारखा दिसतो, त्यामुळे नजर लक्ष्यावर ठेवली तरी तो पुसट होत नाही आणि दोन माश्यांची भानगडही उरत नाही. वर्तमानपत्राच्या नळीचा प्रयोग आठवा, तिथेही मेंदूने दोन वेगळी चित्रं एकावर एक ठेवलीच होती.

सवय बदलायची असेल तर

वर्षानुवर्षं डोळा मिटत आलेल्या माणसाला "उद्यापासून उघडा ठेव" म्हणून उपयोग नाही. दोन माश्या दिसतील, तो वैतागेल आणि परत मिटेल. मी जे केलं ते सांगतो, साधं आहे.

दुधी रंगाचा चिकटपट्टीचा तुकडा घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती, लिहिता येणारी. नेमबाजीचा किंवा रोजचा चष्मा घालून रिकामं पिस्तूल नेहमीसारखं उचला आणि नजर माशीवर आणा. त्या स्थितीत दुसऱ्या कुणाला तरी, अर्थात बाजूला उभं राहून, न वापरायच्या डोळ्याच्या बाहुलीसमोर काचेवर पेनाने खूण करायला सांगा. तिथे दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा चिकटवा. सरळ उभं राहून खूण केली तर तुकडा चुकीच्या जागी बसतो, कारण नेम धरताना मान वळलेली असते. बाकी काच मोकळीच ठेवा. तोल सांभाळायला आपण नकळत कडेच्या नजरेचाही आधार घेतो. एका पायावर उभं राहून डोळे मिटले तर लगेच डुगडुगतो, यावरून कळेल. आख्खी काच झाकली की तेवढा आधार गेला.

सुरुवात कोऱ्या भिंतीसमोर करा, कार्डाशिवाय आणि छऱ्याशिवाय. रिकामा ट्रिगर दाबलेला तुमच्या पिस्तुलाला चालतो का हे प्रशिक्षकांना आधी विचारा, सगळ्यांना चालत नाही. भिंतीवर बघण्यासारखं काही नसलं की नजर माशीवर टिकते आणि दुसऱ्या डोळ्यालाही भांडायला काही सापडत नाही. पाच-सात सेकंदांत शॉट गेला नाही तर हात खाली. एकाच जागी टक लावून बसलं की चित्र विरत जातं, आणि माणसाला वाटतं नेम स्थिर झाला. पंधरा दिवसांनी कार्ड लावा. काही महिन्यांनी पट्टी अर्धी करून बघा. काहींना पुढे ती लागतच नाही, काहींना कायम लागते, आणि दोन्ही ठीक आहे. मला लागते.

पट्टी असो नसो, चष्मा मात्र डोळ्यांवर असायलाच हवा. छर्रा शिशाचा असतो आणि कठीण जागी आपटून उलटा येऊ शकतो. जत्रेतल्या बंदुकीलाही हे लागू आहे, तिथे तर मुलं दुकानाच्या कठड्याला नाक लावून उभी असतात. भाचीने आता घरातल्या सगळ्या धाकट्या भावंडांसाठी साधे प्लॅस्टिकचे गॉगल आणून ठेवलेत. फुगे फोडायला जायचं म्हटलं की आधी ते वाटते, मग प्रत्येकाला हात लांब करून घड्याळाकडे बघायला लावते.